उज्जैनभोवतीचे तह

उज्जैनला पाहुणे आले की आपण त्यांना महाकालाच्या दर्शनाला नेतो आणि राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी हे देऊळ पुन्हा उभे केले, हे आवर्जून सांगतो. गोपाल मंदिरापाशी बायजाबाई शिंदे यांचे नाव घेतो. हे शहर एकेकाळी शिंद्यांची राजधानी होते, हे सांगताना आपला आवाज थोडा चढतोच. पण एखादा चौकस पाहुणा विचारतो, ‘शिंद्यांचे राज्य तर १९४८ पर्यंत होते, मग इथे इंग्रजांचे राज्य कोणते?’ या प्रश्नाला आपण बहुधा बगल देतो. खरे तर त्याचे उत्तर आपल्याच परिसरात आहे.

सुरुवात आपल्याच भांडणापासून करावी लागते. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी याच उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. काही महिन्यांतच शिंद्यांच्या सैन्याने इंदूर लुटून त्याचा सूड घेतला. पुढच्या वर्षी हडपसरला होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेला हरवले. दुसरे बाजीराव पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. कंपनीची फौज पेशव्यांच्या मुलखात आली, तिच्या खर्चासाठी मुलूख गेला आणि इतर सत्तांशी बोलणे कंपनीच्या संमतीनेच करायचे ठरले.

१८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिले. असई आणि लासवारीच्या पराभवानंतर ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावचा तह झाला. दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगर हातचे गेले. १८०४ मध्ये होळकर लढायला उठले, तेव्हा शिंदे तहाने बांधलेले होते. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली.

आता एक तारीख पाहू : ५ नोव्हेंबर १८१७. त्या दिवशी पेशव्यांची फौज खडकीला इंग्रजांशी लढत होती. दौलतरावांनी ग्वाल्हेरला केलेल्या तहावरही हीच तारीख आहे. इंग्रजी फौजा जवळ येऊन ठाकल्या होत्या, हे खरे. त्या तहाने पेंढाऱ्यांविरुद्ध इंग्रजांना मदत करणे शिंद्यांवर बंधनकारक झाले. शिवाय उदयपूर, जोधपूर, कोटा यांच्याशी परस्पर करार न करण्याचे १८०५ चे बंधन इंग्रजांनी स्वतःवरून काढून घेतले. नोव्हेंबरअखेर नागपूरकर सीताबर्डीला हरले. २१ डिसेंबरला क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकर हरले. ते महिदपूर आज आपल्याच उज्जैन जिल्ह्यात आहे. दीड-दोन महिन्यांत तीन मराठी सत्ता तीन ठिकाणी एकेकट्याच लढल्या, आणि चौथीने तह करून टाकला होता.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. त्यात आणखी एक कलम होते : रेसिडेंटला कळवल्याशिवाय आणि त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या राज्याशी बोलणे करायचे नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या पवारांचा आणि जानेवारी १८१९ मध्ये धारच्या पवारांचा तह झाला. आपल्या भोवतीचे कडे पुरे झाले.

आम्हांला वाटते, मुलूख आणि फौज यांहूनही हे परस्पर न बोलण्याचे कलम अधिक खोलवर गेले. गादी, दरबार, दसऱ्याची स्वारी, देवस्थानांची व्यवस्था हे सगळे राहिले. गेली ती एकमेकांशी सल्लामसलत करण्याची मुभा. १८४४ च्या तहात तर जयाजीराव लहान असताना कारभाऱ्यांनी रेसिडेंटच्या सल्ल्याने चालावे आणि शिंद्यांची फौज ९००० वर राहावी, असेच ठरले. पुढे १८७४ मध्ये मलायात पेराकच्या सुलतानाशी पांगकोरचा करार झाला, तिथेही धर्म आणि रूढी सोडून बाकी सगळ्यांत रेसिडेंटचा सल्ला मानायचा होता. आपल्याकडे घासूनपुसून तयार झालेले हत्यार दूरवर वापरले गेले.

या दरबारांत आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कारकून, कमाविसदार, शिक्षक होते. त्यांच्या पगारावर आपली घरे उभी राहिली. त्या राज्यांचा अभिमान बाळगताना त्या मर्यादेकडेही पाहायला हवे. पण एक गोष्ट कोणत्याही तहाला बांधता आली नाही. देवासची मुलगी धारला नांदायला गेली, इंदूरचा जावई उज्जैनला आला, आणि लग्नपत्रिकेला रेसिडेंटची संमती लागली नाही. आज आपल्या मांडवात शिंदे, होळकर आणि पवार या तिन्ही राज्यांतली घराणी एकाच आरतीला उभी असतात.

यंदा पाहुणे आले, तर महाकालाचे दर्शन झाल्यावर त्यांना महिदपूरलाही घेऊन जाऊ. आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, तर क्षिप्रेच्या काठावर बसून सगळे सांगू, आपल्या भांडणासकट.