जाळी, दोरी आणि गाळपेर

नववीत असताना २८ फेब्रुवारीला शाळेनं आम्हाला खोडदला नेलं. खोडद म्हणजे आमच्या जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावजवळचं गाव. तिथं विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरतं आणि पोरांना जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण जवळून बघायला मिळते. मी तबकडीखाली उभा राहून वर बघितलं, तर थेट आभाळच दिसलं. ४५ मीटर रुंदीची तबकडी, आणि तिला पत्राच नाही! नुसती तारेची जाळी. आधी मला वाटलं, पैसे संपले असतील आणि काम अर्धवट राहिलं असेल.

खरं तर पैशांचा विचार त्यात होताच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांना अशा ३० तबकड्या हव्या होत्या, त्याही माळावर उघड्या. ४५ मीटरच्या तबकडीचं तोंड जवळपास १,६०० चौरस मीटर भरतं. त्यावर पत्रा ठोकला तर ते गलबताचं शीडच होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात ही दुर्बीण काम करते आणि १३३ किलोमीटरच्या वाऱ्यात नुसती टिकून राहावी, अशी तिची रचना आहे. हिशेब केला तर दुसऱ्या वाऱ्याचा दाब पहिल्याच्या अकरा पट येतो. तो सोसायला लोखंड किती, पाया केवढा, खर्च किती!

स्वरूप यांनी वाऱ्याशी भांडण टाळलं. १६ वाकवलेल्या नळ्यांच्या चौकटी घेतल्या, त्यांच्यामध्ये तारेचे दोर ताणले आणि दोरांवर अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जाड अशा तारेची जाळी बांधली. मध्यभागी जाळीची फट १ सेंटिमीटरची आहे, कडेला जाता जाता ती २ सेंटिमीटर होते. दुर्बिणीला पकडायच्या लहरी मात्र २१ सेंटिमीटरपासून २ मीटरपर्यंत लांब. एवढ्या लांब लहरीला १-२ सेंटिमीटरचं भोक दिसतच नाही, तिच्यासाठी ही जाळी म्हणजे सलग आरसा. वारा मात्र आरपार निघून जातो. १९९०च्या दशकात हे सगळं आमच्या द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यात उभं राहिलं.

काय धरायचं आणि काय खुशाल सोडून द्यायचं, हे ठरवणं म्हणजे अर्धं विज्ञान, असं तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकताना लक्षात आलं, की हाच विचार त्याआधी आमच्या वावरातही येऊन गेला होता.

त्या वर्षी आमच्या बाजरीत पीक कापणी प्रयोग होता. तालुक्यातली सगळी शेतं कापून मोजणं शक्य नसतं, म्हणून गावं आणि गट नंबर आकड्यांच्या तक्त्यावरून निवडतात, आणि निवडलेल्या शेतातली जागासुद्धा. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून इतकी पावलं इकडं, इतकी तिकडं, मग १० बाय ५ मीटरची दोरी. पाऊस ओढलेला. पैसेवारी कमी लागली तर सवलती मिळतील, या आशेनं आमचे आण्णा तलाठ्यांना म्हणाले, "भाऊसाहेब, त्या कोपऱ्यात घ्या की. तिथं बाजरी पार जळालीय." भाऊसाहेब हसले. "आण्णा, जागा माझ्या हातात असती तर लोकांनी मला जगू दिलं असतं का?"

या दोरीमागं एक मोठा वाद आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधमध्ये १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमध्ये शिकले, पुढं लंडनला संशोधन करून १९४०च्या सुमारास दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत आले. तोवर पिकाचा अंदाज गावकामगार नजरेनं बांधत. सुखात्मेंनी दैवानं निवडलेल्या तुकड्यांवर भर दिला. तिकडं कलकत्त्याला महालनोबिस लहान लहान तुकडे कापत होते, म्हणजे तेवढ्याच कष्टात जास्त ठिकाणं. सुखात्मेंनी दाखवलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगतं. कारण अगदी साधं आहे. १ चौरस मीटरच्या तुकड्याला ४ मीटर कड असते. १० बाय ५च्या तुकड्यात दर चौरस मीटरमागं फक्त ०.६ मीटर. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, अशी शंका आली की माणूस ते आत ओढतो. लबाडी नसते, हात आपोआप जातो. कोट्यवधी माणसांच्या धान्याचा हिशेब त्या ओढलेल्या ताटांनी चुकतो.

तर जाळीनं वारा सोडला आणि दोरीनं बाकीची शेतं सोडली. दोन्हीकडं सोडलेल्याचं नुकसान झालं नाही.

शेजारच्या आंबेगावात मात्र हा विचार मला पचेना. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्याच्यावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगावच पाण्याखाली गेलं. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. विस्थापित मोजायचे ते कागदावरून. ज्याच्या नावावर सातबारा तो मोजला जातो. जो दुसऱ्याच्या बांधावर राबत होता किंवा नदीत मासे धरत होता, तो जाळीतून निघून गेलेला वारा. ही निवड आकड्यांच्या तक्त्यानं होत नाही. कोण सुटणार हे आधीच ठरलेलं असतं.

कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेनं इथल्या महादेव कोळी आणि कातकरी लोकांबरोबर काम केलं. जलाशयात आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. पडकईला बळ मिळालं. पडकई म्हणजे वाडीतल्या घरांनी मिळून एकेकाच्या उतारावर दगडी बांध घालून भातखाचरं काढायची: आज तुझं, उद्या माझं. २०१२ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मग ३० जुलै २०१४ला याच तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेवर माणसं गेली, आणि लोकांनी पडकईकडं बोट दाखवलं. माझं मत विचाराल तर हातानं रचलेला बांध आणि जेसीबीनं ओरबाडलेला उतार यांना एकच नाव देऊन वाद घालणं म्हणजे कडेवरचं ताट आत ओढण्यासारखंच आहे.

उन्हाळ्यात डिंभ्याचं पाणी उतरतं, तशी गाळाची जमीन उघडी पडते. ती कसायचा हक्कही इथल्या लोकांनी झगडून मिळवला. तिला गाळपेर म्हणतात. माझ्या डोक्यातली शंका संख्याशास्त्राची आहे: जी जमीन धरणाच्या नावावर आहे आणि निम्मं वर्ष पाण्यात असते, तिचा नंबर आकड्यांच्या तक्त्यातून कधी निघणार, आणि तिथं दोरी कोण टाकणार?