मुक्काम ६१७४

बंगळूरच्या दक्षिणेस जयप्रकाश नारायण यांचे नाव धारण करणारी जी वसाहत जे. पी. नगर म्हणून ओळखली जाते, तिची टपालखात्याच्या दप्तरी ५६००७८ अशी नोंद आहे. त्यातला पहिला ५ दक्षिणेचा, ५६० बंगळूरचा आणि उरलेले तीन अंक टपालकचेरीचे. अवघा मुलूख असा सहा अंकांत बसविण्याची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अंमलदार असूनही संस्कृत काव्यात रमणारे मराठी गृहस्थ होते.

हा अंक सरकारी हुकमाने मिळालेला. परंतु त्याआधी २६ वर्षे, १९४६ साली, देवळालीच्या एका शाळामास्तरांस कोणाच्याही हुकमाविना आपल्या जागी ठाम बसलेली एक संख्या आढळली होती. १९०५ साली डहाणूस जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात असता १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळविलेले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस अध्यापन केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे ते मास्तर. डेमलो या रेल्वे स्थानकावर सुचलेल्या संख्यांस त्यांनी त्या स्थानकाचेच नाव दिले, आणि स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांस हर्षद म्हटले.

सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि बाकीवर हाच संस्कार पुन्हा करावा, अशी त्यांची रीत. वेलणकरांच्या योजनेचे सालच घेतले, तर ९७२१ मधून १२७९ जाऊन ८४४२ उरतात, आणि पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असे मुक्काम करीत सातव्या वजाबाकीस ६१७४ येते, व तेथून हलत नाही. कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुनश्च ६१७४. सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याच संख्येस लागत नाहीत. शिवाय ६१७४ स्वतः हर्षदही आहे : अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ बरोबर ६१७४.

जे. पी. नगरचे सहा अंक याच चरकात घातले, तर पहिल्या पायरीस ८७०८२२ वर आलेली वाट सहाव्या पायरीस ४२०८७६ वर पोहोचते, आणि मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ असे सात घरांचे रिंगण धरून पुन्हा ४२०८७६ वर येते. तिला कायमचा मुक्काम नाही.

कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत ६१७४ मांडली, पण तिची कीर्ती दूरवर गेली ती १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी तिच्याविषयी लिहिले तेव्हा. हा गुण मूळ राशीचा नसून दहा अंकांत संख्या लिहिण्याच्या रीतीचा आहे, असा आक्षेप घेता येतो, आणि तो खराही आहे. पायाभूत अंक दहाऐवजी दुसरा धरला, तर हे सारे नाते मोडते. तथापि ती रीत याच भूमीत घडली, शतकानुशतके तिने सावकाराच्या कीर्दीपासून कुलकर्ण्याच्या दप्तरापर्यंत हिशेब चालविले, आणि इतक्या वापरातल्या वस्तूत ६१७४ दडली असल्याचा शोध मात्र देवळालीच्या मास्तरांनी लावला.