लॅपटॉप तापतोय? आधी कल्याण लोकलची तार बघा

आजचा भाग उष्णतेचा आहे. हवामानातल्या नाही, यंत्रातल्या. प्रश्न साधा वाटतो: गेमिंग लॅपटॉप तव्यासारखा तापतोय, तर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? यूट्यूबवर याची हजार उत्तरं आहेत आणि बहुतेक उत्तरांखाली कुठल्या तरी नव्या लॅपटॉपची लिंक असते. मला मात्र हा प्रश्न इतिहासाचा वाटतो. आपल्या मुंबईत आणि आपल्या कल्याण-ठाण्याच्या रुळांवर तो याआधीही विचारला गेलाय, लॅपटॉपपेक्षा कितीतरी मोठ्या यंत्रांबद्दल.

हा विषय डोक्यात आला तो माझ्या मामेभावामुळे. राहतो कल्याण पश्चिमेला, वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. २०२१ मध्ये ७४,००० चा गेमिंग लॅपटॉप हप्त्यावर घेतला. रात्री गेम खेळतो हे खरं, पण दिवसा त्याच मशीनवर लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि त्यातून कॉलेजची फी भरतो. गेल्या लग्नसराईत मशीन अर्ध्या रेंडरमध्ये आपोआप बंद पडायला लागलं. एका सर्व्हिस सेंटरने सांगितलं, मदरबोर्ड बदला, ३१,००० होतील. मामा म्हणाला, "एवढे घालण्यापेक्षा नवाच घे, हप्ता मी भरतो." मामाचा पगार मला माहितीये. तो हप्ता कुठून येणार हेही माहितीये. म्हणजे इथे चूक महागात पडणार होती, दोन्ही बाजूंनी.

आता मागे जाऊ. मुंबईत, कुलाब्याला.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, पन्नासच्या दशकात आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतः कॉम्प्युटर बांधायला घेतला. तेव्हा भारतात कॉम्प्युटर हा शब्दसुद्धा कुणाला धड माहीत नव्हता. १९६० मध्ये तो पूर्ण चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक. त्यात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मुख्य सांगाडा १८ फूट लांब आणि ८ फूट उंच. मेमरी किती? ४० बिटांचे २,०४८ शब्द. तुमच्या फोनमधला एक सेल्फीसुद्धा त्यात मावला नसता.

व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे दिव्याची बहीण. आतली तार किंवा पत्री तापवली की इलेक्ट्रॉन सुटतात आणि मगच ती चालते. नीट ऐका हं: ट्यूब तापते हा बिघाड नाही, तापल्याशिवाय ती काम करतच नाही. अशा हजारो ट्यूब एका खोलीत. जळालेली ट्यूब काढा, नवी लावा, मशीन पुन्हा सुरू. दुरुस्ती होत होती, पण त्या दुरुस्तीने उष्णता कमी होणं शक्य नव्हतं, कारण उष्णता रचनेतच होती. तेवढ्यात जगात ट्रान्झिस्टरचे कॉम्प्युटर आले. तेच काम, खूप कमी वीज, खूप कमी ताप. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६०० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा अमेरिकी कॉम्प्युटर आला आणि टिफ्रॅकचे दिवस संपले. पाचेक वर्षंच धड चाललं ते मशीन. पण मला ते वाया गेलं असं अजिबात वाटत नाही. ते बांधता बांधता इथे कॉम्प्युटर समजणारी माणसं तयार झाली.

टिफ्रॅकला बदलण्यावाचून पर्याय नव्हता. दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि ती तुमच्या-माझ्या रोजच्या प्रवासाची आहे.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने, देशातली पहिली विजेची गाडी धावली. तारेत १,५०० व्होल्ट डीसी. पुढे वीज कल्याणपर्यंत आणि घाटांपर्यंत गेली. तिच्यासाठी आपल्या ठाकुर्लीला, चोळे गावात, रेल्वेने कोळशावर चालणारं स्वतःचं वीजघर उभारलं. आज तिथून जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. ऐंशीच्या दशकात ते बंद पडलं, पण तारेतले १,५०० व्होल्ट मात्र तसेच राहिले.

आता थोडं गणित, घाबरू नका. समजा एका लोकलला जोर धरताना ३ मेगावॉट वीज लागते. १,५०० व्होल्टला ती ओढायची तर करंट होतो २,००० ॲम्पिअर. हीच वीज २५,००० व्होल्टला ओढली तर करंट फक्त १२० ॲम्पिअर. आणि तार किती तापणार हे करंटच्या वर्गावर ठरतं. करंट सतराव्या हिश्शावर आला की त्याच तारेतली उष्णता जवळजवळ पावणेतीनशेपट कमी होते. म्हणूनच डीसीला जाड तांब्याच्या तारा लागायच्या, दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागायचं, आणि तरीही एका वेळी किती गाड्या जोर धरू शकतील याला मर्यादा यायची. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या करायच्या, फेऱ्या वाढवायच्या, तर ती मर्यादा आड येणारच.

उष्णता गाडीच्या पोटातही होती. जुन्या डीसी लोकलमध्ये स्टेशन सोडताना मोटरला एकदम सगळी वीज देता येत नसे. जास्तीची वीज डब्याखालच्या रेझिस्टरमध्ये जिरवली जाई, म्हणजे सरळ हीटरसारखी जाळली जाई. डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा... प्रत्येक थांब्यानंतर हेच. नव्या गाड्यांमध्ये मोटरला हवी तेवढीच वीज इलेक्ट्रॉनिक यंत्रणा देते. वर ब्रेक लावताना तीच मोटर जनरेटर होते आणि वीज तारेत परत जाते.

मग रेल्वेने काय केलं? एका रात्रीत सगळं फेकून दिलं? शक्यच नव्हतं. रोज लाखो लोक कामावर जायचे होते. बदल इगतपुरी-कसाऱ्याच्या बाजूने सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने कल्याण-ठाण्याकडे सरकला. मधल्या वर्षांत दोन्ही प्रकारच्या तारांखाली चालतील अशा एसी-डीसी गाड्या धावत होत्या. तारेतली वीज बदलायची त्या टप्प्यात डब्यातले दिवे आणि पंखे क्षणभर बंद व्हायचे, आठवतंय? दारात लटकलेल्या काकांना ते सवयीचं, नव्या माणसाला वाटायचं गाडी बिघडली. पश्चिम रेल्वेवरचं काम २०१२ मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं २०१५ मध्ये, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल गेली. जिथे १९२५ मध्ये सुरुवात झाली, तिथेच शेवट.

माझ्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट ही: रूळ बदलले नाहीत, स्टेशनं बदलली नाहीत, बोगदे नवे खणले नाहीत. अडकलेला भाग कोणता ते आधी शोधलं आणि तेवढाच बदलला. तोच खर्च प्रचंड होता, ही गोष्ट वेगळी.

आता लॅपटॉपकडे. चिपच्या दुनियेतही एक काळ असा होता की ट्रान्झिस्टर जितका लहान तितकी त्याला वीज कमी, त्यामुळे वेग वाढवला तरी ताप आटोक्यात राहायचा. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये हा नियम मांडला. तीस वर्षं तो कामाला आला. मग ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपायला लागली. २००४ मध्ये इंटेलचा प्रेस्कॉट नावाचा पेंटियम ४ आला, तो तापण्यासाठीच कुप्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इंटेलने पुढचा तेजस नावाचा प्रकल्प रद्द केला. हो, तेजस, आपलंच नाव. तिथून वेग वाढवायची शर्यत मंदावली आणि एका चिपमध्ये दोन, चार, आठ कोअर यायला लागले.

उष्णता मात्र गेली नाही, ती फक्त बाहेर वाहून न्यायची सोय सुधारली. लॅपटॉप उघडला की तांब्याची चपटी नळी दिसते ना, ती हीट पाइप. १९६३ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती विकसित केली, तेव्हा डोळ्यांसमोर अवकाशयानं होती. आत थोडंसं पाणी असतं, हवा काढलेली असते. चिपजवळ पाण्याची वाफ होते, वाफ पंख्याकडच्या पात्यांपाशी जाऊन थंड होते, पाणी आतल्या जाळीतून परत येतं. ना मोटर, ना पंप. ही नळी सहसा बिघडत नाही. बिघडतं ते तिच्या दोन टोकांना: एकीकडे चिप आणि तांबं यांच्यामधली पेस्ट वाळते, दुसरीकडे पात्यांत धूळ बसते.

आणि एक गोष्ट जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कधीच नसते. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालवण्यासाठी बनवलेले असतात. कल्याण-डोंबिवलीत एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो, पत्र्याखाली तर विचारूच नका. खोली दहा अंशांनी गरम असेल तर चिपही साधारण तेवढीच जास्त गरम राहणार. एसी शोरूममध्ये झकास चाललेलं मशीन घरी येऊन धापा टाकतं, त्यात नवल नाही.

पण सगळेच तापलेले लॅपटॉप साफसफाईने वाचत नाहीत, हेही इतिहासच सांगतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप प्रमाणाबाहेर निकामी होत आहेत, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. दोष चिपच्या पॅकेजमधल्या सूक्ष्म जोडांत होता. मशीन चालू-बंद होताना गरम-थंड व्हायचं आणि ते जोड तडकायचे. त्या काळात लोकांनी अक्षरशः मदरबोर्ड ओव्हनमध्ये भाजले! काही दिवस, काही आठवडे ते चालायचे आणि पुन्हा मरायचे. तिथे उष्णता वाहून नेण्याचा प्रश्न उरलाच नव्हता, तिने नुकसान आधीच करून ठेवलं होतं.

तर मामेभावाच्या मशीनला विचारायचा प्रश्न मिळाला: उष्णता वाटेत अडकलीय, की चिप आधीच गेलीय? स्क्रीनवर रंगीत चौकोन, आडव्या रेघा, थंड असतानाही बंद पडणं, असलं काहीच नव्हतं. सकाळी पहिली दहा मिनिटं मशीन मस्त चालायचं. मग ९७ अंश, वेग अर्ध्यावर, पंखा कोकलतोय, आणि शेवटी बंद. सगळी लक्षणं वाटेतल्या अडथळ्याची.

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडजवळच्या गल्लीत, एका कारागिराने ते आमच्यासमोर उघडलं. पात्यांवर धुळीचा थर होता, ब्लँकेटचा तुकडा वाटावा असा. पेस्ट खडूसारखी वाळलेली. एका पंख्याचं बेअरिंग गेलं होतं. साफसफाई, नवी पेस्ट, एक पंखा: २,४०० रुपये. त्याने तिथेच अर्धा तास रेंडर लावून दाखवला. ८४ अंश, आणि वेग टिकला. मदरबोर्डला कुणी हातही लावला नाही. मामाने बिल बघितलं, काही बोलला नाही, फक्त चहा मागवला.

८४ सुद्धा कमी नाही, हे मी त्याला सांगितलंय. मशीनची मागची बाजू दोन बोटं उंच ठेवायची, गादीवर ठेवून चालवायचं नाही, आणि दरवर्षी पावसाळा संपला की एकदा उघडून घ्यायचं. रेंडर रात्री लावायचा, पत्रा थंड झाल्यावर.

तुमच्याकडे हीच वेळ आली तर दुकानदाराला आधी तापमानाचे आकडे दाखवायला सांगा, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांकडून मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलंय, तिथे तुमची कंपनी आहे का ते बघा. बॅटरी फुगून टचपॅड वर आलं असेल तर चार्जर काढा, मशीन बंद करा आणि आधी बॅटरीच बदला, बाकीची चर्चा नंतर. आणि साफसफाईनंतरही स्क्रीनवर चौकोन दिसत असतील, तर पैसे घालू नका. डेटाचा बॅकअप घ्या, एसएसडी काढून ठेवा, रॅम सुटी निघत असेल तर तीही. योग्य केसमध्ये ती एसएसडी पेन ड्राइव्हसारखी अजून कितीतरी वर्षं चालेल. उरलेलं धूड भंगारवाल्याच्या गाडीवर न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

पुढच्या भागात ठाकुर्लीच्या त्या वीजघराबद्दल सविस्तर बोलू. तुमच्या घरी कुणी आजोबा तिथे कामाला होते का, विचारून ठेवा.