स्वच्छ सर्वेक्षण

स्वच्छ सर्वेक्षण हे भारतातील शहरांच्या स्वच्छतेचे, पर्यायाने तेथील महानगरपालिका, नगरपालिका व नगरपंचायतींच्या कामगिरीचे मूल्यमापन आहे. स्वच्छ भारत अभियानांतर्गत केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालय ते करते. २०१६ च्या पहिल्या सर्वेक्षणात ७३ शहरे होती व म्हैसूर प्रथम आले. २०१७ मध्ये ४३४ शहरांत इंदूरने पहिला क्रमांक मिळवला. २०१८ पासून चार हजारांहून अधिक शहरे त्यात आहेत.

पार्श्वभूमी

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापनाचा समावेश आहे. त्यामुळे परीक्षक केंद्राचा असला तरी परीक्षा स्थानिक संस्थेची असते. स्वच्छतेला गुण देऊन चुरस निर्माण करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात ग्रामपंचायती अशाच स्पर्धेत उतरल्या होत्या.

गुणांकन

शहर स्वच्छ आहे हे कोणी ठरवायचे, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न आहे. २०१६ मध्ये २,००० पैकी १,००० गुण पालिकेने स्वतः सादर केलेल्या माहितीला होते. प्रत्यक्ष पाहणी व नागरिकांचा अभिप्राय यांना प्रत्येकी ५००. २०१८ मध्ये ४,००० पैकी १,४०० गुण नागरिकांच्या अभिप्रायाला मिळाले, म्हणजे त्यांचा वाटा २५ वरून ३५ टक्क्यांवर गेला. २०२३ मध्ये मात्र ९,५०० पैकी २,१७०, म्हणजे जेमतेम २३ टक्के गुण नागरिकांकडे राहिले. कचरामुक्त शहराचे तारांकन, हागणदारीमुक्ती आदी प्रमाणपत्रांना त्याहून अधिक, २,५०० गुण होते. निकष व एकूण गुण असे बदलत असल्याने एका वर्षाच्या गुणांची दुसऱ्या वर्षाशी थेट तुलना करता येत नाही. क्रमांकाची तुलनाही जपूनच करावी लागते: शहराची स्थिती तशीच राहून इतर शहरे सुधारली, तरी क्रमांक घसरतो.

महाराष्ट्रातील शहरे

२०२० मध्ये एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत कराड, सासवड व लोणावळा यांनी पहिले तीन क्रमांक मिळवले. २०२३ मध्ये राज्यांत महाराष्ट्र पहिला, लहान शहरांत सासवड पहिले, तर इंदूर व सुरत या संयुक्त विजेत्यांनंतर नवी मुंबई तिसरी आली. सातत्याने वर राहणाऱ्या शहरांसाठी पुढे ‘सुपर स्वच्छ लीग’ हा वेगळा गट करण्यात आला. १७ जुलै २०२५ रोजी जाहीर झालेल्या निकालात नवी मुंबई या गटात होती.

मर्यादा

क्रमांक संपूर्ण शहराला मिळतो, प्रभागाला नाही. त्यामुळे एकाच शहरातील झाडलेला मुख्य रस्ता आणि कचरा न उचललेली वस्ती यांतील तफावत क्रमवारीत दिसत नाही.