विजयदुर्गचे ‘साहेबाचे ओटे’ आणि हेलियमची तारीख

१/ स्पर्धा परीक्षेच्या तयारीत एक वाक्य हमखास भेटते: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला. तारीख खरी, ग्रहण खरे, लॉकियरही खरे. मात्र त्या दिवशी ते इंग्लंडमध्ये होते.

२/ आधी थोडे भौतिकशास्त्र. तापलेला विरळ वायू अखंड वर्णपट देत नाही. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीच्याच तेजस्वी रेषा देते. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर, तर हेलियमची पिवळी रेषा ५८७.६ वर येते. सारा गोंधळ या चिंचोळ्या फटीतला.

३/ १८६८ मध्ये फ्रेंच संशोधक जान्सेन गुंटूरला होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शल दुर्बीण रोखून बसले होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शल यांचे हे नातू. सूर्यज्वालांत त्यांना नारिंगी रेषा दिसली, पण ती सोडियमचीच समजली गेली.

४/ जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, ज्वालांच्या रेषा पाहून दाखवल्या. लॉकियर यांनी हेच २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून स्वतंत्रपणे साधले. पिवळी रेषा सोडियमच्या जागी बसत नाही, हे त्यांच्या मोजणीतून पुढे आले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना, एका युरेनियमयुक्त खनिजात.

५/ मग विजयदुर्गचे काय? लॉकियर तेथे आले होते हे खरेच, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चौथऱ्यांचा मेळ याच मुक्कामाशी बसतो.

६/ त्या दिवशी चंद्राची सावली कोकणातून ईशान्येकडे सरकली. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला, पुढे पुलगावला आणखी एक इंग्रज पथक. नकाशावर जेऊर ते पुलगाव सरळ रेषा ओढली, तर ती वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्याच्या अगदी जवळून जाते. म्हणजे हे ग्रहण वऱ्हाडचेही होते. पाठ्यपुस्तकांत मात्र त्याला जागा नाही.

७/ अलीकडे विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. ती तारीख खरे तर गुंटूरची आणि जमखंडीची. विजयदुर्गची स्वतःची तारीख २२ जानेवारी.