तुंबडीची विद्या आणि दिल्लीचे तिब्बिया कॉलेज : एक वाटचाल

मराठीत हजामत म्हणजे दाढी-केस. मूळ अरबी ‘हिजामा’ शब्दाचा अर्थ मात्र शोषून घेणे. आपल्याकडे जिला तुंबडी लावणे म्हणत, तीच क्रिया. ती करणारा तो हज्जाम. सुश्रुताने रक्तमोक्षणासाठी शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा ही साधने सांगितली. इब्न सीनाने (980-1037) ‘कानून’ या ग्रंथात मर्दन आणि तुंबडी या दोन्हींचा सविस्तर विचार केला. पुढे शास्त्र हकीम-वैद्यांच्या पोथीत राहिले आणि प्रत्यक्ष हात हजामाच्या ओसरीवर गेला. ही फारकत मिटवून अशा विद्यांना वर्ग, परीक्षा आणि रुग्णालय मिळवून देणाऱ्या संस्थांमध्ये दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजचे स्थान मानाचे आहे.

संस्थेचे बीज दिल्लीच्या शरीफी घराण्यातले. हकीम अब्दुल मजीद खान यांनी 1880च्या दशकात मदरसा तिब्बिया सुरू केला. घरोघरी बापाकडून मुलाकडे जाणारी हिकमत, म्हणजे हकिमी विद्या, त्यांनी शाळेत आणली. त्यांचे धाकटे बंधू हकीम अजमल खान (1868-1927) यांनी ते काम वाढवले. औषधे एकसारखी आणि शुद्ध मिळावीत म्हणून निघालेला ‘हिंदुस्तानी दवाखाना’ शिक्षणाचाही आर्थिक कणा ठरला. 1909 साली स्त्रियांसाठी सुईणपणाच्या शिक्षणाची शाळा उभी राहिली. 12 ऑगस्ट 1911 रोजी ‘अंजुमन-ए-तिब्बिया’ ही संस्था रीतसर नोंदली गेली. याच वर्षी हकीमसाहेबांनी युरोपातली रुग्णालये पाहिली.

हा काळ सोपा नव्हता. मुंबई इलाख्यात 1912 साली वैद्यक नोंदणीचा कायदा झाला आणि त्या नोंदवहीत वैद्य-हकीमांना जागा नव्हती. या कायद्याची चाहूल लागताच हकीमसाहेबांनी वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेच्या मांडवाखाली आणले. 1915 साली संस्थेच्या नावातच आयुर्वेद आणि युनानी शेजारी-शेजारी बसले, ते याच विचाराने. त्या दिवसांत असे नाव धारण करणे हीसुद्धा एक भूमिका होती.

29 मार्च 1916 रोजी करोलबागेत व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते पायाभरणी झाली. संस्थानिकांच्या आणि सामान्यांच्या देणग्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि 13 फेब्रुवारी 1921 रोजी महात्मा गांधींनी उद्घाटन केले. गांधीजींनी त्या दिवशी नुसती शाबासकी दिली नाही. देशी वैद्यकात संशोधनाची वृत्ती कमी पडते, हे त्यांनी तोंडावर सुनावले. संस्थेने ते मनाला लावून घेतले असे पुढचा इतिहास सांगतो. इथल्या संशोधन विभागात डॉ. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेतून एक अल्कलॉइड वेगळे केले आणि 1931 साली त्याला ‘अजमलिन’ असे नाव दिले. ते नाव ऐकायला हकीमसाहेब नव्हते. 1927च्या डिसेंबरात ते गेले होते.

त्यांचे पुत्र हकीम जमील खान यांनी कारभार हाती घेतला. 1947च्या दंगलींनी मात्र सगळे विस्कटले. जमील खान पाकिस्तानात गेले, विश्वस्तांत वाद झाले. 1952 साली दिल्ली राज्याने कायदा करून नवे मंडळ नेमले. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि 1961 साली कायदा वैध ठरला. पुढे 1998 साली एका कायद्याने संस्था दिल्ली सरकारकडे आली. एवढ्या फेऱ्यांतून दोन्ही पद्धतींचे शिक्षण टिकले, यात नाव न उरलेल्या अध्यापकांचा आणि कर्मचाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

तुंबडीची विद्या आता याच शिक्षणाचा भाग आहे. युनानीच्या पदवी अभ्यासक्रमात ‘इलाज बित तदबीर’ हा स्वतंत्र विषय आहे. औषधाआधी उपाययोजना, असा त्याचा रोख. ‘दलक’ म्हणजे मर्दन आणि ‘हिजामा’ यात शेजारी येतात. मर्दनाचेही प्रकार ठरलेले: कठीण दलक सैल अंगाला घट्टपणा देते, मऊ दलक ताठर अंग सैल करते. तुंबडी कोरडी असते किंवा फासण्या घेऊन रक्त काढणारी. मर्दनाच्या सर्वांत जवळची ती सरकती तुंबडी, ‘हिजामा मुझलिका’.

तिची रीत पाहण्यासारखी आहे. रुग्ण पालथा झोपतो. पाठीला तेल लावून आधी हाताने चोळतात. खांद्याजवळची गाठ बोटाला लागते. मग कप टेकवून पंपाने दोन-तीन वेळा हवा ओढली की कातडी आत टम्म फुगते. हाताचा दाब स्नायू खाली ढकलतो, कप मात्र त्याला वर उचलतो, आणि तसाच तो तेलावरून मानेकडून खांद्याकडे सरकवला जातो. त्या जागी रक्ताचा ओघ वाढतो, अवघडलेली मान-पाठ मोकळी वाटते. मानदुखी आणि कंबरदुखीत काही काळचा आराम मिळतो, असे अभ्यासांतही आढळले आहे. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांची गरज अजून आहे, हेही तितकेच खरे. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग जगाने पाहिले, तेव्हा ही जुनी विद्या एकदम सर्वांच्या तोंडी झाली.

शिकलेला हात इथे ओळखू येतो तो नकारात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, रक्तस्राव लवकर थांबतो का, कातडीवर जखम आहे का, हे आधी विचारले जाते. गरोदर स्त्रीच्या पोटा-कमरेवर कप ठेवत नाहीत. आणि पाठीवर उमटणारे ते जांभळे गोल साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत फिके पडतात, घरच्यांनी पाहून घाबरू नये, हे रुग्णाला उठण्यापूर्वीच सांगायचे असते.