लावणी सगळ्यांची, लावणीवाली कुणाची?

कुरुळी, चिंबळी, मोई, निघोजे आणि चाकणच्या पलीकडच्या गावांतून ऐकणाऱ्या सगळ्या तायांनो, मावश्यांनो, आज बचतीचं आणि हप्त्याचं काही बोलणार नाही. आज गाण्यांचा इतिहास. त्यातही लावणीचा, आणि लावणीचा अभ्यास करणाऱ्या दोन बायकांचा.

आपल्याकडं महिला दिनाला एक तरी लावणी होतेच. गटातलीच कुणीतरी नऊवारी नेसते, घुंगरू बांधते. शिट्ट्या मारायलाही आपण मागं नसतो. पुढं महिन्याभरात गावोगावच्या यात्रा लागतात. दिवसा पालखी, बैलगाडे, कुस्त्या आणि रात्री तमाशा. त्या कनातीकडं मात्र आपल्यातली फारशी कुणी फिरकत नाही. ढोलकी तीच असते, बऱ्याचदा गाणीही तीच. मग महिला दिनाला जे कौतुकाचं असतं, ते यात्रेत लाजेचं कसं होतं?

हा प्रश्न विद्यापीठात बसून कुणी अभ्यासला असेल, असं आपल्याला वाटत नाही. गाण्याचा अभ्यास म्हणजे राग आणि सूर, असाच समज असतो. बाजारात, यात्रेत, लग्नात वाजणाऱ्या गाण्यांचा कसला अभ्यास करायचा? पण जगभर असा अभ्यास होतो. इंग्लंडात पन्नासेक वर्षांपूर्वी रॉक आणि पॉप गाण्यांवर, म्हणजे तिकडच्या तरुण पोरांच्या धांगडधिंग्याच्या गाण्यांवर, विद्वान मंडळी लिहू लागली. ही गाणी कोण विकतं, कोण विकत घेतं, ती ऐकून पोरांना आपण कोण आहोत असं वाटतं, हे ते शोधत होते. १९७६ साली अँजेला मॅक्रॉबी आणि जेनी गार्बर या दोघींनी एक साधी गोष्ट त्यांच्या नजरेस आणून दिली. तुम्ही चौकात उभ्या राहणाऱ्या पोरांचाच अभ्यास करताय, पोरी कुठं आहेत? पोरीही गाणी ऐकतात, पण घरात, आपल्या खोलीत, मैत्रिणीबरोबर, भिंतीवर गायकाचा फोटो लावून. त्यांना रात्री चौकात उभं राहायची मुभा नाही, म्हणून त्या अभ्यासात दिसत नाहीत.

मला हे वाचून आपल्याकडचा हळदीचा डीजे आठवला. पुढं नाचणारी पोरं, आणि मागं ओट्यावरून बघणाऱ्या आपण.

आपल्या पुण्यात हाच प्रश्न शर्मिला रेगे यांनी लावणीला विचारला. पुणे विद्यापीठात त्या समाजशास्त्र आणि स्त्री अभ्यास शिकवायच्या. २०१३ साली त्या गेल्या, वय पन्नाशीच्याही आत. १९९५ मध्ये त्यांनी लावणी कलावंत बायकांवर एक मोठा लेख लिहिला, २००२ मध्ये लावणी आणि पोवाडा यांवर आणखी एक. लेख इंग्रजीत आहेत, वाचायला जडही आहेत. पण त्यातला मुद्दा आपल्या ओट्यावर बसून सांगता येतो.

लावणीत बोलणारी बाई असते. ती नटते, रुसते, साजणाला बोलावते. पण तिच्या तोंडचे शब्द लिहिणारे बहुतेक पुरुष. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ हे पेशवाईतले नावाजलेले शाहीर. त्याच पेशवाईत गरीब, खालच्या मानलेल्या जातींतल्या बायकांना कुणबिणी, बटकी म्हणून विकलं जाई, वाड्यावर राबवलं जाई. रेगे म्हणतात, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. नाचणाऱ्या बाईला स्वतःलाच सगळं हवं आहे, असं गाणं सांगत असेल, तर तिच्यावर होणारी जबरदस्ती कुणाला दिसणार? ‘तिलाच हौस आहे’ म्हटलं की बघणारा मोकळा. हे वाक्य आजही आपल्या कानावर पडतं, आणि फक्त तमाशातल्या बाईबद्दलच पडतं असं नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. लावणी ही बाईची मजुरी आहे, हे रेगेंनी ठळकपणे मांडलं. कोल्हाटी समाजात बाईच्या नाचावर अख्खं घर चालायचं, भावांची लग्नं व्हायची, आणि तिचं स्वतःचं लग्न व्हायचं नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथनात हे आतून लिहिलं आहे. त्यांनी नावापुढं बापाचं नाव न लावता आईचं लावलं. कुठं मिळालं तर जरूर वाचा. गटातल्या जिला वाचता येतं, तिनं बाकीच्यांना वाचून दाखवा.

आता आपल्या दारातल्या रस्त्यावर येते. कुरुळी फाट्यावरचा हा नाशिक हायवे म्हणजे आपल्याला कंपनीच्या बस, कंटेनर आणि ट्रॅफिक एवढाच माहीत. पण हा रस्ता तमाशाचाही आहे. चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडून पुढं गेलं की नारायणगाव. पाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पंच मंडळी येऊन यात्रेची सुपारी ठरवतात. आपल्या भागातल्या यात्रांचे तमाशेही तिथूनच ठरतात.

नारायणगावच्या विठाबाई तुम्हाला ऐकून माहीत असतील. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. बाप भाऊ आणि चुलते बापू, दोघांचा फड. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींची पदकं त्यांना मिळाली. त्यांची एक गोष्ट सगळीकडं सांगतात. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडानं तोडली आणि पुन्हा बाहेर येऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना लोकांचा ऊर भरून येतो. केवढी कलेची निष्ठा म्हणतात. मला मात्र ती ऐकली की वाटतं, त्या रात्री थांबायची मुभा होती का तिला? तिकिटं फाटलेली, समोर माणसं बसलेली. आपल्या कंपनीत ठेकेदाराकडं रोजावर जाणारी बाई सातव्या महिन्यापर्यंत लाइनवर उभी राहते, तिला आपण निष्ठा म्हणत नाही. २००२ च्या जानेवारीत विठाबाई गेल्या, शेवटचे दिवस हलाखीत काढून. पुढं सरकारनं तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

त्याच रस्त्यानं आणखी पुढं, संगमनेरच्या अलीकडं, हिवरगाव पावसा लागतं. आता तिथं टोलनाका आहे. हे पवळाचं गाव. पवळा भालेराव, महार समाजातली. आधी तमाशात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा, फडावर बाई उभी राहिली ती पवळापासून, असं मानतात. तिची जोडी पठ्ठे बापूरावांशी. बापूराव मूळचे श्रीधर कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. तमाशासाठी त्यांनी घर सोडलं, जात सोडली. त्यांच्या त्यागाचं मोठं कौतुक होतं, आणि ते खोटं नाही. पण पवळाबद्दल काय लिहिलं जातं? तिचा रंग, तिचं रूप. तिनं काय सोडलं आणि तिला काय मिळालं, याचा हिशोब फारसा कुणी मांडलेला नव्हता.

तो मांडला शैलजा पाईक यांनी. या आपल्या पुण्याच्याच, येरवड्याच्या वस्तीत एका खोलीच्या घरात तीन बहिणींबरोबर वाढलेल्या, दलित कुटुंबातल्या. आज त्या अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवतात. २०२२ साली तमाशातल्या दलित बायकांवर त्यांचं मोठं इंग्रजी पुस्तक आलं. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, पाच वर्षांत मिळून आठ लाख डॉलरची. वर्षानुवर्षं त्या तमासगीर बायकांच्या घरी गेल्या, बोलल्या. विठाबाईंच्या लेक मंगला बनसोडे यांनाही त्या भेटल्या. पाईक तीन मराठी शब्द धरून बसतात : अश्लील, अस्सल आणि माणुसकी. नाचणारी दलित बाई असली की तमाशा अश्लील. तोच सरकारी महोत्सवात बसवला की महाराष्ट्राची अस्सल कला. आणि या दोन्हींमध्ये त्या बाईला माणूस म्हणून जागा कुठली?

एक प्रसंग सांगतात. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूराव तमाशाचे पैसे देणगी म्हणून घेऊन बाबासाहेब आंबेडकरांकडं गेले. बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत. आमच्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, ही त्यांची भूमिका. बाबासाहेबांचं म्हणणं मला पटतं. एका समाजाच्या बायकांनी नाचायचं आणि बाकीच्यांनी दौलतजादा उधळायचा, ही रीत मोडायलाच हवी होती. पण ज्यांची चूल त्यावरच पेटत होती, त्यांना बाहेरच्यांचीही हेटाळणी आणि घरच्यांचाही राग सोसावा लागला. पाईक हे दोन्ही लिहितात, काही लपवत नाहीत, म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

याचा अर्थ लावणीच वाईट, असं रेगे म्हणत नाहीत, पाईकही म्हणत नाहीत. साचा तोच ठेवून आतला माल बदलणारेही झाले. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे तमाशातूनच निघाले. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण काढणारा मुंबईतला कामगार, आणि बघता बघता गाणं संयुक्त महाराष्ट्राचं होतं. आपल्या चाळींमध्ये बीड-लातूरकडून आलेले जे कामगार राहतात, त्यांना ते गाणं कुणी समजावून सांगावं लागत नाही.

सिनेमानं मात्र वेगळंच केलं. १९७२ चा ‘पिंजरा’ आठवा. गाणी ओठांवर राहणारी. पण सगळा सिनेमा हळहळतो तो मास्तरासाठी, एका बाईपायी बुडालेल्या सज्जन माणसासाठी. आणि सुलोचना चव्हाण यांनी लावणी गायली ती डोक्यावर पदर घेऊन, माइकपुढं उभं राहून. काय आवाज होता! २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मिळायलाच हवी होती. तरी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. लावणी गळ्यातून आली तर घरात रेडिओवर चालते, पायातून आली की कनातीत जाते.

हे सगळं मी आजच का सांगतेय, तर त्याला कारण आहे. आमच्या एका गटात चाळीत भाड्यानं राहणाऱ्या एका ताईंनी सभासद व्हायचं म्हणून अर्ज दिलाय. पूर्वी त्या बारीत नाचायच्या, आता कंपनीच्या कँटीनला पोळ्या लाटतात. आधार कार्ड, फोटो, पहिली बचत, सगळं जमा आहे. तरी दोन मीटिंगा झाल्या, ठराव होईना. कुणी उघड नाही म्हणत नाही. एक म्हणते भाडेकरू आहे, एक म्हणते पुढच्या वेळी बघू. याच गटानं गेल्या महिला दिनाला लावणीचं पहिलं बक्षीस घेतलंय. तिसरी मीटिंग येत्या गुरुवारी संध्याकाळी सहाला, मंदिरामागच्या ओट्यावर आहे. सगळ्या सभासदांनी पासबुकं घेऊन यावं. अर्ज पहिल्या विषयात घेतलाय.